महाड-पोलादपूरचा व्यापार आणि फोनवर जपलेली नाती

रायगड जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले महाड आणि पोलादपूर हे तालुके पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माणसे पुरवत आले आहेत. साहजिकच येथील दुकानदाराचे बरेचसे गिऱ्हाईक गावात राहतच नाही. ते शिमग्याला येते, मे महिन्यात येते आणि गणपतीला येते. त्या दिवसांत महाडच्या बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसते. मात्र जून उजाडला, की चाकरमानी परतलेले असतात, गावातली माणसे लावणीत गुंतलेली असतात आणि गल्ल्याचा आवाज दिवसदिवस ऐकू येत नाही. अशा दिवसांत रोज सकाळी कुलूप काढून दुकानाची फळी झाडणे, ही व्यापाऱ्याच्या उमेदीची खरी परीक्षा होय.

ही उमेद टिकते कशावर? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या आंतरिक प्रेरणेला तीन गोष्टी लागतात असे मांडले आहे. निर्णयाचे स्वातंत्र्य, काम आपल्याला जमते आहे ही जाणीव आणि माणसांशी असलेला जिव्हाळा, या त्या तीन गोष्टी. स्वतःच्या दुकानाचा मालक असलेल्याला पहिली आपोआप मिळते. दुसरी मंदीच्या महिन्यांत डळमळू लागते. अशा वेळी तिसरीने आधार द्यावा लागतो आणि समाजमाध्यमांचा उपयोग होतो तो नेमका येथे. जाहिरातीचे साधन म्हणून त्यांची चर्चा फार झाली. परंतु गिऱ्हाईक शंभर-दीडशे किलोमीटर दूर असताना दुकानदाराला एकटे पडू न देणे, हा त्यांचा गुण अधिक मोलाचा आहे.

तसे पाहता नाती जोडून ठेवण्याची कला या भागाला नवी नाही. गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांच्या मुंबईत शाखा असतात, तेथे बैठका होतात, वर्गणी जमते, पालखीचे आणि देवळाच्या दुरुस्तीचे बेत ठरतात. सप्टेंबर 2016 मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले आणि हीच मंडळे व्हॉट्सॲपवर आली. गावचा दुकानदार त्या समूहात असतोच. पण तो तेथे गावकरी म्हणून असतो, हे त्याने विसरता कामा नये. देवळाच्या हिशेबाच्या मधोमध साड्यांचे फोटो टाकणाऱ्याकडे माणसे पाठ फिरवतात. त्याउलट, गावच्या रस्त्यावर दरड आली आहे, एसटी अमुक ठिकाणापर्यंतच जात आहे, अशी खबर जो वेळेवर देतो, त्याचे नाव गणपतीच्या खरेदीच्या वेळी आठवते.

व्यवसायासाठी वेगळी सोय आहे. व्हॉट्सॲपची व्यापाऱ्यांसाठीची स्वतंत्र आवृत्ती जानेवारी 2018 मध्ये आली. दुकानाची वेळ, पत्ता, ठरावीक प्रश्नांची तयार उत्तरे तीत ठेवता येतात. मालाचे फोटो आणि किमती मांडण्याची सोय नोव्हेंबर 2019 पासून झाली. ब्रॉडकास्ट यादीतून 256 जणांपर्यंत एकच संदेश प्रत्येकाला स्वतंत्रपणे धाडता येतो. मात्र येथे एक मेख आहे. ज्याने आपल्या फोनमध्ये दुकानदाराचा क्रमांक साठवून ठेवला आहे, त्यालाच हा संदेश पोहोचतो. म्हणजे आधी ओळख, मग संदेश. विकत घेतलेल्या क्रमांकांच्या याद्यांवर संदेशांचा मारा करणाऱ्याचे खाते बंद होण्याचीच शक्यता अधिक. तंत्रज्ञांनी घातलेली ही अट आपल्या आजोबांच्या काळातील दुकानदाराला मुळीच नवी वाटली नसती!

मग जूनमध्ये करायचे काय? रोज पहाटे फुलांचे चित्र आणि सुविचार पाठवणे म्हणजे संबंध जपणे, असा समज रूढ झाला आहे. प्रस्तुत प्रतिनिधीच्या फोनवरही असे संदेश येतात आणि ते कोणी पाठवले हे दुपारपर्यंत आठवत नाही. त्यापेक्षा महिन्याकाठी दहाच माणसांना, पण त्यांच्याविषयी काही ठाऊक असल्याप्रमाणे लिहावे. ‘वहिनी, मे महिन्यात तुम्ही विचारलेले नाचणीचे पापड आता आले आहेत, मुंबईला येणाऱ्या कोणाकडे देऊ का?’ या एका ओळीला उत्तर येते. ते नकारार्थी असले तरी चालते. पलीकडे कोणीतरी आहे, हे रिकाम्या दुकानात बसलेल्या माणसाला कळते.

ओळखीच्या ओळखीचे महत्त्वही ध्यानात घ्यावे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले, की नव्या संधीची खबर जिवलग मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून अनेकदा मिळते. कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. रायगडावर येणारे गिर्यारोहक, शिवथरघळीत येणारे भाविक, 20 मार्चला चवदार तळ्यावर अभिवादनासाठी येणारे अनुयायी हे सारे या भागाचे जुजबी ओळखीचे पाहुणे. पाचाडमधील घरगुती खाणावळीत जेवलेल्या एखाद्या गटाने आपल्या समूहात दोन शब्द लिहिले, तर पुढच्या रविवारी दुसरा गट येतो. त्यासाठी निघताना त्यांचा क्रमांक घेणे आणि ‘सुखरूप पोहोचलात ना?’ असे विचारणे एवढेच करायचे असते. गूगल नकाशावर खाणावळीची नोंद करणे विनामूल्य आहे. तेथे कोणी तक्रार लिहिली, तर वाद न घालता उत्तर द्यावे. ते उत्तर तक्रारदारापेक्षा पुढे येणारे पाहुणेच अधिक वाचतात.

या साऱ्याची कसोटी लागली ती 22 जुलै 2021 रोजी. त्या दिवशी तळीये येथे दरड कोसळून 80 हून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले आणि महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले. वीज गेली, फोन बंद पडले. ज्या माध्यमावर सारी भिस्त, तेच मुके झाले. पाणी ओसरले तेव्हा तळमजल्यावरील दुकानांत चिखल आणि भिजलेला माल उरला होता. उधारीच्या वह्यांचाही लगदा झाला. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून कार्यकर्ते चिखल उपसायला आले. मदतीची आवाहने आणि गरजांच्या याद्या फिरल्या त्या बहुतांशी समाजमाध्यमांवरूनच. वही गेल्यावर उधारी वसूल होते ती केवळ देणाऱ्याच्या स्मरणावर आणि सचोटीवर. ज्याचा गिऱ्हाइकाशी वर्षभर संवाद होता, त्याला विचारताना संकोच वाटत नाही. अर्थात हे विचारणे खासगीतच हवे. समूहात थकबाकी काढली, की रक्कम कदाचित येते, पण माणूस जातो.

वही भिजते तशी माध्यमेही बुडतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. 2004 मध्ये सुरू झालेले ऑर्कुट एकेकाळी शहरी तरुणांचे घर होते. 30 सप्टेंबर 2014 रोजी ते बंद झाले आणि ज्यांनी तेथील ओळखी अन्यत्र नोंदवून ठेवल्या नव्हत्या, त्यांच्या त्या ओळखी हरवल्या. म्हणून गिऱ्हाइकांची नावे व क्रमांक फोनमध्ये, ई-मेलवर आणि माळ्यावर ठेवलेल्या वहीत, असे तिन्ही ठिकाणी असावेत. फोनवर आलेला सहा आकडी संकेतांक कोणालाही सांगू नये. खाते दुसऱ्याच्या हाती गेले, तर दुकानदाराच्या नावाने त्याच्याच गिऱ्हाइकांकडे पैसे मागितले जातात. असे घडल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे आणि गिऱ्हाइकांना स्वतः फोन करून सावध करावे.

पावसाळ्यात आणखी एक समूह उपयोगी पडतो, तो शेजारच्या दुकानदारांचा. महाडला सावित्रीची इशारा पातळी 6 मीटर आणि धोक्याची पातळी 6.5 मीटर आहे. एरवी एकाच गिऱ्हाइकासाठी चढाओढ करणाऱ्या दोघांना नदीचा आकडा एकाच वेळी कळला, तर माल माडीवर चढवायला चार हात मिळतात. कोणाच्या माळ्यावर जागा रिकामी आहे, टेम्पो कोणाकडे आहे, हे मे महिन्यातच त्या समूहात लिहून ठेवलेले बरे.