इराणी हळदीचें दूध

हळदीचें दूध म्हटलें कीं मराठी घरांत सर्दीपडशाची आठवण होते. हेंच पेय इराणी घरांतहि होतें. मात्र तेथें त्याला केशराचा रंग आणि गुलाबाचा सुवास असतो. त्याला 'इराणी' म्हणतात खरें, परंतु त्यांतील मुख्य द्रव्य जी हळद, तिला इराणच्या पठाराची हवा मानवत नाहीं. मग हें पेय इराणचें झालें कसें? याचें उत्तर व्यापाराच्या इतिहासांत सांपडतें.

हळदीला उष्ण व दमट हवा आणि सात ते नऊ महिन्यांचा अवधि लागतो. इराणचें पठार कोरडें, आणि हिवाळा कडक. शिवाय पेरण्याजोगें बीं हळदीला धरत नाहीं. कंद लावूनच तिची वाढ करावी लागते. बाजारांत जाणारें हळकुंड तर उकडून वाळविलेलें. त्याला पुन्हां कोंब फुटणें नाहीं. अर्थात् इराणच्या बाजारांत पोंचलें तें वाळलें हळकुंड. हिरवें झाड मागेंच राहिलें. फारसी भाषेनें जें पाहिलें तेंच नांव दिलें : जर्दचूबे, म्हणजे पिवळी काठी. मराठींतील 'पिवळाजर्द' आणि 'चोबदार' या शब्दांत हे दोन्ही शब्द आजहि नांदत आहेत. दुधाला फारसींत शीर म्हणतात. शिरखुर्म्यांतील शीर तोच, आणि संस्कृतांतील क्षीर त्याचाच भाऊबंद.

हा माल समुद्रमार्गानें जाई. इराणी आखाताच्या मुखाशीं असलेलें होर्मुझ बेट हें त्या मार्गावरील मोठें नाकें होतें. सन १५१५ पासून १६२२ पर्यंत तें पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतें, आणि गोवाहि त्यांचेंच. याच काळांत गोव्यास राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें औषधी द्रव्यांवर संवादरूपानें एक ग्रंथ लिहिला. तो सन १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. अन्नाला रंग व चव आणण्याकरितां अरबस्तानांत व इराणांतहि हळद वापरतात, आणि तेथें केशर असतांहि स्वस्त म्हणून लोक हीच घेतात, असें त्यानें नमूद केलें आहे.

या लहानशा नोंदींत सारें मर्म आहे. एक किलो केशरासाठीं सुमारें दीड लाख फुलें खुडावीं लागतात. केशर खुरासानांत पिकतें. पण जो तें खुडतो त्याच्या घरीं तें रोज शिजेलच असें नाहीं. जो पिवळा रंग श्रीमंतांच्या ताटापुरता राहिला असता, तो परक्या देशाच्या या काठीनें सामान्य गृहिणीच्या हातीं दिला.

इराणी घरांत अन्नाचे उष्ण व थंड असे दोन वर्ग मानतात. दूध थंड, हळद, दालचिनी, केशर व मध हीं उष्ण. यांच्या योगानें दुधाचा थंडपणा मोडावा, ही या पेयामागील कल्पना होय.

कृति सोपी आहे. दोन पेले दुधांत अर्धा चमचा हळद, दोन ठेंचलेले वेलदोडे, दालचिनीचा लहान तुकडा व चिमूटभर मिरपूड घालून मंद आंचेवर पांच-सात मिनिटें ढवळावें. हळदीचें रंगद्रव्य पाण्यांत विरघळत नाहीं, स्निग्धांशांत विरघळतें. म्हणून दूध साय न काढलेलें असावें. केशराच्या पांच-सहा काड्या कोमट पाण्यांत अगोदर भिजवून ठेवाव्या. दूध गाळल्यावर तें केशर व एक लहान चमचा गुलाबपाणी घालावें; आधीं घातल्यास सुवास वाफेबरोबर उडून जातो. पिण्याइतकें निवल्यावर मध मिसळावा. केशर नसलें तरी अडत नाहीं. हळदीवांचून मात्र अडतें.

हळद, मिरें व वेलदोडे हिंदुस्थानचे, केशर खुरासानचें, गुलाबपाणी काशानचें. कोणत्याहि एका देशानें केवळ आपल्याच मातीचा आग्रह धरला असता, तर हा पेला कधींच भरला नसता. इराणनें हीं द्रव्यें एकत्र आणून त्यांना आपली चव दिली, एवढ्यावरच त्याचा या पेयावरील हक्क उभा आहे. आणि तो हक्क कांहीं लहान नव्हे. जें बाहेरून आलें त्याला घरचें करून घेणें, यालाच कालांतरानें परंपरा हें नांव मिळतें.