छत्तीस हप्त्यांचा पियानो

यंदा आमच्या घरी चकलीच्या भाजणीइतकीच चर्चा एका वाद्याची चालली आहे. माझी नऊ वर्षांची नात पियानो शिकू लागली आहे. घरी रोज हात फिरला नाही तर शिकवणी फुकट, असे तिच्या बाईंनी बजावले आहे. नव्या पियानोची किंमत ऐकून जावईबापू गप्प झाले. तेव्हा जुना पियानो शोधण्याची कामगिरी घरातल्या रिकाम्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे आली.

मी पेशाने वकील. पियानोची आणि माझी पहिली गाठ पडली ती मैफलीत नव्हे, कायद्याच्या वर्गात. ‘हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज’ हा 1895 सालचा इंग्लंडमधला खटला आम्हाला शिकवला होता. हेल्बी हा पियानोचा व्यापारी. त्याने ब्रूस्टर नावाच्या गृहस्थाला एक पियानो भाड्याने दिला. महिना साडेदहा शिलिंग. असे छत्तीस हप्ते, म्हणजे अठरा गिनी भरल्या की पियानो ब्रूस्टरचा. मध्येच नको झाला तर परत करण्याची मोकळीक. ब्रूस्टरने काय करावे? हप्ते पुरे होण्याआधीच पियानो मॅथ्यूज सावकाराकडे गहाण टाकला! प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. निकाल असा लागला की, ज्याला वस्तू परत करण्याची मुभा आहे त्याने ती विकत घेण्याचे कबूल केले, असे म्हणता येत नाही. पियानो हेल्बीचाच राहिला. भाडेखरेदीच्या कायद्याचा हा पायाचा दगड. आपल्याकडच्या न्यायालयांतही त्याचा दाखला दिला जातो.

तेव्हा मी कलमे पाठ केली. त्यातला माणूस दिसला तो फार उशिरा. ब्रूस्टरसारखी माणसे साडेदहा शिलिंग बाजूला काढून पियानो घरी आणत होती, ही केवढी गोष्ट! कारण हे वाद्य जन्मले राजवाड्यात. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या पदरी बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाचा कारागीर होता. त्या घराण्याच्या 1700 सालच्या वाद्यांच्या यादीत या नवलाईची नोंद सापडते. आधीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जाई. बोट हलके पडो की जोराने, आवाज जवळजवळ सारखाच. क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी पाडली आणि बोटाच्या जोराप्रमाणे स्वर लहानमोठा होऊ लागला. त्याच्या हातचे तीनच पियानो आज उरले आहेत.

पुढे 1760 नंतरच्या दशकात लंडनमध्ये झुम्पे नावाच्या जर्मन कारागिराने लहान, चौकोनी, पेटीसारखे पियानो करायला घेतले आणि वाद्य दिवाणखान्यात आले. मग भिंतीला टेकून उभे राहणारे पियानो निघाले, हप्ते निघाले, आणि एका घरचा पियानो दुसऱ्या घरी जाऊ लागला. म्हणजे जुना पियानो घेणे यात कमीपणा कसला? राजवाड्यातले वाद्य सामान्यांच्या घरी आले ते याच वाटांनी.

पण वाचकहो, या वाटेवर मी एकदा सपशेल आपटलो आहे. माझी लेक दहा वर्षांची असताना तिच्यासाठी मी एक जुना पियानो स्वस्तात आणला. लाकूड आरशासारखे चकचकीत! पांढरी एक दाबली की खालच्या सप्तकातल्या पांढऱ्या सातचा सूर निघे, हे मला कळलेही नाही. सूर जुळवणारा येऊन गेला की आठ दिवस बरे, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पोरगी रोज बसे आणि रोज रडकुंडीला येई. एक दिवस म्हणाली, “बाबा, मला कानच नाही.” तिने झाकण लावले ते कायमचे. दोष पियानोचा होता; पोरीने तो स्वतःच्या माथी घेतला.

मागाहून एका जाणत्या कारागिराने मला ते कोडे उलगडून दाखवले. पियानोत सुमारे 230 तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. तो पेलण्यासाठी ओतीव लोखंडाची अखंड चौकट लागते. तिचे पेटंट बॉस्टनच्या बॅबकॉकने 1825 साली घेतले. पण तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या लाकडातच रोवलेल्या. आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगते, पुढे सुकते. वर्षानुवर्षे असे होऊन ते चिरले की खुंट्या सैल पडतात. मग ब्रह्मदेव आला तरी सूर टिकायचा नाही. फार वर्षे न जुळवलेला पियानो सुरात खाली उतरतो आणि वर खेचायला जावे तर जुन्या तारा तुटतात. हातोड्यांवरच्या लोकरीला कसर लागते. यातले काहीही पॉलिशवरून दिसत नाही.

म्हणून या खेपेस मी तीन नियम केले. लाकडाची झिलई पाहायची नाही. सूर जुळवणारा बरोबर घेतल्याखेरीज, त्याने झाकण उघडून खुंट्या तपासल्याखेरीज, बयाणा द्यायचा नाही. आणि ने-आण व जुळवणी यांचा खर्च किमतीत धरायचा. फुकट मिळालेला पियानोही दुरुस्तीत महाग पडतो.

शोधता शोधता एक ओरखडे पडलेला, उभा पियानो मिळाला. खुंट्या घट्ट, सूर जागच्या जागी. मालक म्हणाले, “आधी वर्षभर भाड्याने न्या. पोरीचे मन रमले तर भाडे किमतीत वळते करू. नाही तर परत.” मी करारनामा चष्मा लावून दोनदा वाचला. परत करण्याची मुभा! शिकाऊ माणसाला दुसरे काय हवे? ब्रूस्टरची आठवण झाली. गहाण टाकण्याचा मोह तेवढा आवरायचा.

पियानो वसुबारसेला येईल. काल पाहायला गेलो तेव्हा लेकही बरोबर होती. सगळे बोलत असताना तिने हळूच एक पट्टी दाबली, थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “बाबा, हा सुरात आहे.”

तिला कान आहे, हे मला इतक्या वर्षांनी कळले.