मनोऱ्याविना धावपट्टी



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि तह उभे राहतात. आज मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे तो अवघा शंभर-सव्वाशे वर्षांचा असून त्यात राजा नाही आणि सेनापतीही नाही. धावपट्टी मोकळी आहे काय, वारा कोठून वाहतो, नजर किती लांब पोहोचते, हे खाली उभे राहून पाहावयाचे आणि वर असलेल्या वैमानिकाला सांगावयाचे, हे काम कोणाचे? एवढाच त्या इतिहासाचा प्रश्न. २८ जानेवारी २०२६ च्या सकाळी तो बारामतीच्या धावपट्टीपाशी आपल्या सर्वांच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणून भवानीनगरच्या या व्यासपीठावर तो मांडणे मला अगत्याचे वाटते.

विमानविद्येच्या बाल्यावस्थेत धावपट्टी अशी नव्हतीच. एक मोठे गवताळ मैदान असे, काठीवर कापडी मोजा फडफडत असे आणि त्याच्याकडे पाहून वैमानिक वाऱ्याला तोंड देत उतरे. आकाश विस्तीर्ण आणि विमाने थोडी; तेव्हा राखणदाराची गरज कोणास वाटावी? लंडनजवळ क्रॉयडन येथे १९२० साली नियंत्रण मनोरा उभा राहिला. तो जगातला पहिला मानतात. त्याची उंची जेमतेम पंधरा फूट. आपल्या शेतातील माचाणाहून तो फारसा उंच नव्हता! पण मनोऱ्याची नजर त्याच्या भोवतालापुरतीच. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्सवर, धुक्यात, लंडन-पॅरिस मार्गावरील दोन विमाने समोरासमोर येऊन आदळली आणि सात माणसे दगावली. एवढ्या मोठ्या आकाशात दोनच विमानांना जागा पुरली नाही. जागा अफाट असली म्हणून नियमाची गरज टळत नाही, हा धडा जगाला अशा किमतीने मिळाला.

पुढे १९२९ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या विमानतळावर आर्ची लीग नावाचा एक गृहस्थ कामावर नेमला गेला. त्याचे सारे कार्यालय एका ढकलगाडीत मावत असे: बसावयास खुर्ची, उन्हासाठी छत्री, टिपणवही, दुपारची भाकरी आणि दोन निशाणे. चौकटीचे निशाण दाखविले की निघा, तांबडे दाखविले की थांबा. विमान-नियंत्रकांच्या परंपरेचा हा आद्य पुरुष. मला या माणसाचे विशेष कौतुक वाटते, कारण मनोरा ही मूलतः इमारत नसून नेमलेला माणूस आहे, हे त्याच्या ढकलगाडीने सिद्ध केले.

आपल्या देशातही आरंभ असाच साधेपणाने झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला उतरले. विमानात रेडिओ नव्हता. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात बुडे, तेव्हा टपालाचे विमान पुण्यास हलवावे लागे. ते दिवस धाडसाचे होते खरे. परंतु धाडस हा कायमचा कारभार होऊ शकत नाही.

मग मनोरा नसलेल्या तळावर विमाने सुरक्षित उतरतात तरी कशी? त्यासाठी ठरलेली शिस्त आहे. येणाऱ्या विमानाने सरळ घुसावयाचे नाही. धावपट्टीभोवती, सामान्यतः डाव्या हाताने, ठरलेल्या उंचीवरून फेरा घ्यावयाचा. वैमानिक डाव्या बाजूस बसतो, म्हणून डावीकडे वळताना धावपट्टी त्याच्या नजरेत राहते. फेऱ्याच्या प्रत्येक टप्प्यावर सर्वांच्या सामाईक रेडिओ-लहरीवर आपला ठावठिकाणा पुकारावयाचा. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात असलेल्याला आधी वाट द्यावयाची. आणि धावपट्टीवर पाऊल टाकण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे आकाश डोळ्यांनी पाहावयाचे. हंगामात उसाच्या गाड्या अरुंद रस्त्यावरून एकमेकींना जशी वाट देतात, तसाच हा प्रकार. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत. त्यांपैकी मनोरे असलेले पाचशेच्या थोडे वर. बाकी सारा व्यवहार याच शिस्तीवर चालतो. ही शिस्त निरर्थक आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

पण ती कोठे तुटते हेही पाहिले पाहिजे. १९ नोव्हेंबर १९९६ रोजी अमेरिकेतील क्विन्सी येथे, मनोरा नसलेल्या तळावर, एक प्रवासी विमान उतरत होते. छेदणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीवर एक लहान विमान निघण्याच्या तयारीत होते. उतरणाऱ्यांनी रेडिओवर विचारले, तुम्ही थांबला आहात ना? उत्तर आले ते त्याच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच विमानातून. ते पहिल्याचेच आहे असा समज झाला, आणि दोन्ही विमाने धावपट्ट्यांच्या चौकात आदळली. चौदा जणांपैकी एकही वाचला नाही. धावत गेलेल्यांना प्रवासी विमानाचे दार उघडता आले नाही. आग विझविणारे पथक तळावर हजर नव्हते. विचारणाऱ्याने विचारले होते, उत्तरही मिळाले होते. नव्हता तो दोघांनाही पाहणारा तिसरा.

आता बारामतीकडे येऊ. हा तळ ‘अनियंत्रित’ वर्गातला, म्हणजे सरकारी नियंत्रक नसलेला. येथे वैमानिक घडविणाऱ्या संस्था चालत आल्या, आणि येणाऱ्या विमानांना माहिती देण्याचे काम त्याच संस्थांतील शिक्षक व वैमानिक करीत. शिकाऊ विमानांचे अपघात आपण पाहिले: २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात एक विमान कोसळले, ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत दोन कोसळली. ते धावपट्टीच्या राखणीचे प्रश्न नव्हते, म्हणून त्यांची भेसळ मी करीत नाही. २८ जानेवारीला मात्र मुंबईहून लिअरजेट जातीचे वेगवान विमान आले. दृष्टी सुमारे तीन हजार मीटर असल्याचे त्याला सांगण्यात आले. नजरेच्या भरवशावर उडावयाचे तर सामान्यतः पाच किलोमीटर दिसावे असा दंडक आहे. पहिल्या खेपेस धावपट्टी दिसली नाही, म्हणून ते वर गेले. दुसऱ्या खेपेस ती दिसल्याचे कळविले गेले, आणि क्षणार्धात धावपट्टीच्या कडेला ज्वाळा उठल्या. उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह विमानातील पाचही जण गेले. अपघाताचे कारण ठरविणे हे चौकशी करणाऱ्यांचे काम. व्यासपीठावरून निवाडा देणे मला शोभणार नाही.

परंतु एक गोष्ट निवाड्यावाचूनही दिसते. अपघातानंतर हवाई दलाचे पथक बारामतीस आले आणि नियंत्रणाची व हवामानाची माहिती देण्याची व्यवस्था त्याने हाती घेतली. म्हणजे काम होते; त्या कामाची जागा तेवढी नव्हती. दुसरे काम सांभाळून माणसे ते करीत होती. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्याला हा प्रकार ओळखीचा आहे. जे काम कोणाच्याही नावावर नसते ते भल्या माणसांच्या अंगावर पडते, आणि बिघडले की दोषही त्यांच्याच अंगावर पडतो.

साखर कारखान्यातील बॉयलर पाहा. परवाना असलेला अटेंडंट हजर असल्यावाचून तो चालविता येत नाही. फिटर हुशार आहे, तो अधूनमधून लक्ष ठेवील, असे कोणी म्हणू लागला तर कायदा ते ऐकत नाही. हा कायदा फुकट मिळालेला नाही. बॉयलर फुटून मेलेल्या माणसांनी तो मिळवून दिला.

कोणी म्हणेल, गावोगाव मनोरे बांधण्याइतका पैसा आहे काय? प्रश्न रास्त आहे, पण मी दगडविटांचे मनोरे मागत नाही. लहान विमानांनी, स्वच्छ दिवशी, आपापल्या शिस्तीने उतरावे, यास हरकत नाही. परंतु ज्या तळावर शिकाऊ विमान आणि वेगवान जेट एकाच पट्टीवर येतात, तेथे वारा व दृष्टी मोजणारे यंत्र असावे, आग विझविणारे पथक असावे, आणि पाहण्याचेच काम ज्याला नेमून दिले आहे असा शिकविलेला, पगारी, जबाबदार माणूस असावा. दृष्टी कमी असेल तेव्हा “आज उतरू नका” असे मोठ्यातल्या मोठ्या पाहुण्याला सांगण्याचा अधिकारही त्याला असावा.

आर्ची लीगजवळ मनोरा नव्हता. पण त्याच्या हातात तांबडे निशाण होते, आणि ते दिसले की विमान थांबत असे. शंभर वर्षांच्या या इतिहासाचे तात्पर्य मला तरी एवढेच दिसते.