विजेच्या शेगडीवर भाजणे

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर टिटवाळा मागे पडले म्हणजे भातसा नदीच्या काठचे खडवली स्थानक लागते. या स्थानकाच्या माथ्यावरून विजेची तार १९३० च्या सुमारास गेली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे येथे खास आपल्या गाड्यांकरिता वीजघर उभारले होते आणि १५०० व्होल्ट दाबाच्या विजेवर गाड्या इगतपुरीपर्यंत धावू लागल्या. तारेखालच्या घरांत मात्र चूल आणि कंदील यांचेच राज्य पुढे कित्येक वर्षे अबाधित राहिले. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले ते १९६० साली, आणि खेडोपाडी घरोघर वीज पोहोचण्याचे काम त्यानंतरच्या दशकांतले होय.

ही वीज घरात आली ती दिव्यासाठी, चुलीसाठी नव्हे. दोन दिवे, एक पंखा आणि फार तर एक रेडिओ, एवढ्याच हिशेबाने भिंतीवरच्या लाकडी पट्टीतून बारीक तारा खेळविल्या गेल्या. आज ओट्यावर ठेवण्याची विजेची भाजणशेगडी, जिला बाजारात ग्रिल म्हणतात, ती निवडावयास निघालेल्या गृहस्थाने प्रथम हा इतिहास ध्यानी घ्यावा, असे माझे मत आहे. दुकानात तो कोणी सांगत नाही.

भाजणे ही स्वयंपाकातील फार प्राचीन क्रिया. तिला भांडेसुद्धा लागत नाही. आपल्याकडे वांगे निखाऱ्यात पुरतात, पापड निखाऱ्यावर धरतात, तव्यावरची तांदळाची भाकरी शेवटी आरावर टेकविली म्हणजे फुगते. यात दोन निरनिराळ्या गोष्टी घडतात. निखारा आपली उष्णता किरणरूपाने दुरून फेकतो, तर तवा स्पर्शाने ती देतो. विजेच्या ग्रिलचेही याप्रमाणेच दोन कुळे आहेत. एकात वर किंवा खाली तापलेल्या सळ्या असून पदार्थ जाळीवर राहतो. हा निखाऱ्याचा वंश. दुसऱ्यात दोन तापलेल्या पत्र्यांमध्ये पदार्थ दाबून धरावयाचा. हा तव्याचा वंश. मुंबईच्या पदपथावरचा सँडविचवाला लांब दांड्याच्या साच्यात पाव दाबून तो शेगडीवर धरतो. दुसऱ्या कुळातील यंत्र म्हणजे तोच साचा, फक्त निखाऱ्याची जागा तारेने घेतलेली.

या तारेचीही हकीकत सांगण्याजोगी आहे. विजेने तार तापते हे शास्त्रज्ञांस एकोणिसाव्या शतकातच ठाऊक होते. जूल याने १८४१ साली त्याचा नियमही मांडला. परंतु लाल होईपर्यंत तापविलेली साधी तार हवेत गंजून लवकरच तुटे. अमेरिकेतील आल्बर्ट मार्श याने निकेल व क्रोमियम यांचा मिश्रधातू तयार करून १९०६ साली त्याचे पेटंट मिळविले. ही तार वारंवार तांबडी होऊनही टिके. त्यानंतर विजेचे टोस्टर बाजारात सर्रास येऊ लागले. पदार्थ न चिकटणारा जो लेप आज पत्र्यावर असतो, त्याचे मूळ द्रव्य प्लंकेट याच्या हाती १९३८ साली अकल्पितपणे लागले. पत्रा पुढे कलता ठेवून चरबी खालच्या तबकात उतरविणारे यंत्र जॉर्ज फोरमन या मुष्टियोद्ध्याच्या नावाने १९९४ साली अमेरिकेत निघाले आणि तेव्हापासून ही तऱ्हा जगभर पसरली.

आता पुन्हा आपल्या भिंतीकडे वळू. दाबाच्या लहान यंत्रावर ७५० वॅट असे लिहिलेले असते. २३० व्होल्टवर ते सव्वातीन अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटला तो सोसतो. मोठे ग्रिल २००० वॅटचे असते. ते पावणेनऊ अँपिअर ओढते. त्यास सोळा अँपिअरचे सॉकेट, स्वतंत्र जाड तार आणि खरोखरीचे अर्थिंग हवे. आमच्या आळीतील एका घरी असे मोठे यंत्र जोडपट्टी लावून दिव्याच्या पॉइंटवर चालविले गेले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सॉकेट वितळून काळे झाले आणि लाकडी पट्टीतून धूर येऊ लागला. घरातील सून प्रसंगावधानी, तिने आधी मेन बंद केला, म्हणून निभावले. पाणी मारण्याची बुद्धी झाली असती तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. यंत्र बिचारे निर्दोष होते. ते उत्तम प्रतीचे होते. त्याची निवड घर न पाहता झाली होती.

दाबाविषयी आणखी एक गोष्ट. उन्हाळ्याच्या संध्याकाळी घरोघर पंखे सुरू झाले की कित्येक गावी विजेचा दाब उतरतो. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सबब २३० चा दाब १९० वर आला तर यंत्राची आच दोन-तृतीयांशांवर येते. मग मासा भाजला न जाता आपल्याच पाण्यात शिजतो, आणि दोष मसाल्याच्या माथी येतो. खर्चाची भीती मात्र वृथा आहे: १५०० वॅटचे यंत्र वीस मिनिटे चालले तर अर्धे युनिट जळते.

मग घ्यावे कोणते? जुन्या तारेच्या घराने दाबाचे लहान यंत्र घ्यावे. पाव, पनीर, रताळ्याच्या चकत्या, बांगड्याचे तुकडे त्यावर चांगले होतात. वांगे मात्र त्यात मावत नाही, आणि अर्धे कापून ठेवलेल्या वांग्याच्या भरितास भरीत म्हणणे माझ्या जिवावर येते. ज्यांच्या घरी पॉवर पॉइंट आहे त्यांनी वर सळी असलेली पेटी घ्यावी; तीत अख्खे वांगे सालीसकट करपते. तरी धुराचा वास येणार नाही. तो वास रस आणि चरबी निखाऱ्यावर ठिबकून उठतो. सळीपाशी निखारा कोठला? ज्यांस तो हवाच त्यांनी भरिताच्या पातेल्यात वाटी ठेवून तीत जळता कोळसा व तुपाचे चार थेंब टाकावे आणि झाकण घालावे. आमच्या घरी हीच तडजोड चालते.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी हाताने पाहाव्या. प्लगला तीन पाय असावेत, आणि यंत्रावर आयएसआयची खूण असावी. ती खूण देणारी भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली, १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्युरोकडे आहे. पत्रे सुटे निघतात की नाही, हे घरातील भांडी जो घासतो त्याने पाहावे. पैसे देणाऱ्याच्या ते सहसा ध्यानात येत नाही. न निघणारा पत्रा असल्यास प्लग काढून, तो कोमट असतानाच ओल्या फडक्याने पुसावा. लेपावर लोखंडी उलथने चालवू नये, आणि रिकामे यंत्र तापत ठेवू नये. २६० अंशांपलीकडे तो लेप बिघडू लागतो. लाकडी उलथने कल्याणच्या बाजारात सहज मिळते.