हिंडनचा काठ आणि मुंबईचे विद्यापीठ

नोकरीनिमित्त गाझियाबादेस आलेले आम्ही मराठी लोक हिंडन ओलांडतो, तेव्हा १८५७ च्या मेअखेरीस तिच्या काठी झालेली लढाई आठवते. त्याच वर्षी जुलैत मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८६२ मध्ये त्याचे पहिले चार पदवीधर झाले; त्यांत न्यायमूर्ती रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर होते. भांडारकरांच्या नावे १९१७ मध्ये पुण्यास संशोधनमंदिर निघाले आणि १९१९ मध्ये तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस आरंभ झाला. भांडारकर १९२५ मध्ये निवर्तले. आवृत्ती पुरी झाली १९६६ मध्ये. शेकडो हस्तलिखिते ताडून पुण्यात सिद्ध झालेली ती कथा आम्ही आज राहतो त्याच कुरुभूमीची आहे. आपल्या हयातीत न संपणारे कामही नेटाने हाती घ्यावे, यातच पदवीचे चीज आहे, असे आम्हांस वाटते.