तिघऱ्याचे पाणी, सांकेची ओळख

लष्करातल्या आपल्या मराठी घरांत पावसाळ्यात एक प्रश्न ठरलेला असतो, “यंदा तिघरा भरला का?” आजी-आजोबांच्या तोंडून हा प्रश्न ऐकतच आम्ही मोठे झालो. पण तिघरा हे धरण. ते भरणाऱ्या नदीचे नाव विचारले, तर आमच्यातले बरेच जण गप्प होतात. त्या नदीचे नाव सांक.

ग्वाल्हेरच्या पश्चिमेकडील वालुकाश्माच्या टेकड्यांतून येणारी ही लहानशी नदी. उन्हाळ्यात कोरडी, पावसाळ्यात मात्र अवखळ. तिघऱ्याला अडल्यावर ती पुढे मुरैना जिल्ह्यात शिरते आणि नूराबादवरून जाते. तेथे तिच्यावर मुघलकालीन दगडी पूल आहे. जवळच गुन्ना बेगम या कवयित्रीची कबर आहे. पानिपताच्या इतिहासात आपल्याला भेटणाऱ्या वजीर इमादुल्मुल्काची ही बेगम. पुढे सांक आसन नदीला मिळते, आसन कुंवारीला, कुंवारी सिंधेला आणि सिंध यमुनेला.

माधवराव महाराज शिंदे यांच्या कारकिर्दीत या नदीवर सुमारे २४ मीटर उंचीचे दगडी धरण उभे राहिले. ते १९१६ साली पूर्ण झाले. पुण्याजवळ खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे येथेही आले. पण दुसऱ्याच वर्षी, ऑगस्ट १९१७ मध्ये, सांकेला मोठा पूर आला. पाणी भिंतीवरून उलटून वाहू लागले. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी मुरले होते. भिंतीचे दोन मोठे भाग जागचे सरकून वाहून गेले. नदी लहान म्हणून तिला गृहीत धरता येत नाही, हा धडा त्या पावसाळ्याने दिला. धरण पुन्हा बांधले गेले आणि त्याचे पाणी मोतीझीलला शुद्ध होऊन आमच्या नळांना येऊ लागले.

आज शहर इतके वाढले आहे, की एकटी सांक त्याला पुरत नाही. पाऊस कमी झाला की ककेटो आणि पेहसारी धरणांतून तिघऱ्यात पाणी आणावे लागते. एक दिवसाआड पाणी येण्याचे दिवस आपण सर्वांनी काढले आहेत. तेव्हा आपण तिघऱ्याची पातळी विचारतो. पण सांकेच्या उगमाकडची झाडे, तिच्यात उतरणारे ओढे यांची चौकशी कोणी करत नाही. धरण पाणी साठवते, ते आणून देते नदी.

दिल्लीच्या गाडीने जाताना बानमोर सोडले की मुरैनाच्या अलीकडे ‘सांक’ नावाचे छोटे स्टेशन लागते. गाडी तिथे बहुधा थांबत नाही. पुढच्या वेळी ती पाटी मुलांना जरूर दाखवा आणि सांगा, आपल्या पिढ्या हिच्याच पाण्यावर वाढल्या. बाप्पाच्या पूजेचा कलशही आपण हिच्याच पाण्याने भरतो.