फिजिक्स अवघड असतं म्हणे!

मुलं फिजिक्सकडे का वळत नाहीत, यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे. "अवघड असतं बाबा ते." पण त्यात अवघड नक्की काय? महाराष्ट्रात काही मंडळींनी हा प्रश्न फार पूर्वीच धसाला लावला होता.

1974 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं. त्यामागे प्रा. भालचंद्र उदगावकर आणि प्रा. वि. गो. कुलकर्णी होते. दोघेही भौतिकशास्त्रज्ञ. केंद्राने सुरुवातीच्या काळातच काम नेलं ते थेट जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथल्या ग्रामीण हायस्कुलांतल्या शिक्षकांबरोबर.

याच काळातल्या कामातून कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की मुलं विज्ञानाआधी भाषेलाच अडखळतात. धड्यातला मजकूर सोप्या मराठीत लिहून शिकवला, तर तीच मुलं चांगली समजून घेतात. 1981 साली हा अभ्यास प्रसिद्धही झाला. म्हणजे 'ढ' ठरलेली कितीतरी मुलं मुळात ढ नव्हतीच!

मला यात आमचा गोंदिया दिसतो. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. घरात कुठे पोवारी, कुठे गोंडी, कुठे झाडीबोली, बाजारात हिंदी आणि शाळेत प्रमाण मराठी. दहावीच्या पुस्तकात 'प्रकाशाचे अपवर्तन' येतं. पोर ते कसंबसं पाठ करतं. अकरावी सायन्सला गेलं की तेच 'रिफ्रॅक्शन' होऊन समोर उभं राहतं, कारण तिथे सगळं इंग्रजीत. एकाच गोष्टीची तिसरी भाषा! खरं तर बोडीच्या पाण्यात तिरका धरलेला बांबू वाकलेला दिसतो, हे त्या पोराने लहानपणापासून पाहिलेलं असतं. फक्त त्यालाच अपवर्तन म्हणतात, हे कुणी सांगितलेलं नसतं.

हे सांगू शकतो तो हायस्कूलचा शिक्षक. पण विज्ञानाचे सगळे विषय बहुधा त्याच्या एकट्याच्याच गळ्यात. जीवशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्याला विद्युतधारा शिकवताना स्वतःलाच धाकधूक वाटली, तर नवल नाही. त्याला वर्षातून एकदा हॉलमध्ये बसवून भाषण ऐकवण्याने काय होणार? त्याला हवेत आसपासच्या शाळांतले चार सोबती, महिन्यातून एकदा एकत्र बसून प्रयोग करून पाहायला. कॉलेजातला एखादा फिजिक्सवाला हवा, बिनधास्त शंका विचारता येईल असा. आणि मुलांच्या बोलीतून सुरू करून अकरावीच्या इंग्रजी शब्दांपर्यंत पोचायला थोडी सवड.

आमच्या नातेवाइकांत मास्तर-मास्तरणी बऱ्याच आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. दहावीनंतर पोरं फिजिक्स सोडतात तेव्हा आपण त्यांची बुद्धी काढतो. खिरोदा सांगतं, आधी शब्द तपासा, आणि ते शिकवणाऱ्या माणसाला एकटं सोडू नका.